तळं परत येईल, असं मी म्हणाले होते

"एखादा तरी पदराला चिकटून आला असेल की, मेधाताई!"

हा विनोद मी मिनेसोटात आल्यापासून ऐकतेय. गणपतीत, हळदीकुंकवाला, पॉटलकच्या रांगेत पुलाव वाढून घेताना. हिऱ्याच्या खाणीवर काम करणारी मराठी बाई म्हटलं की लोकांना पुढचं दुसरं काही सुचत नाही. माझा नवरा सुधीर तर चारचौघांत मला ‘आमची हिरकणी’ म्हणतो. मीही हसून ठरलेलं उत्तर देत आले, "अहो, मी आमच्या खाणीतला एकही हिरा डोळ्यांनी पाहिलेला नाही." लोकांना तो विनय वाटायचा, पण ते अक्षरशः खरं होतं. हिरे वेगळे करतात त्या इमारतीत आम्हाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. माझा संबंध पाण्याशी होता.

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक बरीच वर्षं मागे लागलेत. "हलकंफुलकं लिहा हो. थंडीच्या गमती, अस्वलं वगैरे." अस्वलं आहेत, थंडी तर आहेच. पण लिहायला बसलं की माझा हात एकाच जागी येऊन अडतो. मागच्या वर्षीपासून मी घरी आहे. लोकांना स्वेच्छानिवृत्ती सांगते. आता अडायचं कारण उरलं नाही, म्हणून त्याच जागेबद्दल लिहिते.

आधी काम काय असतं ते सांगते. मी भूजलतज्ज्ञ. आमची कंपनी मिनिआपोलिसजवळची, खाणींना सल्ला देणारी. मी चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेली, त्यामुळे खाण म्हणजे मला घरचंच. पण ही खाण कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे झाडंही संपतात तिथे. जमीन वर्षभर गोठलेली आणि जिकडे बघावं तिकडे तळी. विमानातून खाली पाहिलं की वाटतं, कुणीतरी आरशाच्या काचा फोडून विखरून टाकल्यात.

हिरे असलेला खडक जमिनीत गाजरासारखा उभा रुतलेला असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. हा खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा मऊ. हिमयुगातल्या बर्फानं तो वरून खरवडून नेला, खड्डे पडले, खड्ड्यांत पाणी साचलं. म्हणून तिकडे हिरे बहुतेक वेळा तळ्याच्या तळाखाली सापडतात. हिरे हवे असतील तर तळं बाजूला करावं लागतं. आधी दगडाचा बांध घालून तळ्याचा तो भाग तोडायचा, मग त्यातलं पाणी पंपानं उपसायचं. मग खाण खणायची, आणि खणत असताना खालून झिरपणारं पाणी रोज काढत राहायचं. ते किती येईल, कसलं असेल, कुठे सोडायचं, आणि सगळं संपल्यावर त्या अजस्र खड्ड्याचं पुन्हा तळं होईल का, ही गणितं माझी.

सामान न्यायला रस्ता नाही. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांच्यावरूनच ट्रक जातात, आणि तेही बैलगाडीच्या चालीनं. वेगानं गेलं तर बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि ती पुढे जाऊन बर्फ फोडते. पहिल्यांदा त्या ट्रकमध्ये बसले तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, "सीटबेल्ट लावायचा ना?" तो म्हणाला, "नको. दारही अर्धवट उघडंच ठेव." का, ते मी विचारलं नाही.

खाणीला परवानगी मिळण्याआधी तिथल्या मूळ लोकांची संमती लागते. जवळचं गाव, म्हणजे तिकडच्या हिशोबानं जवळचं, छोट्या विमानानं जायचं. गावाचं नाव मी सांगत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर डेव्ह. चांगला माणूस, आयुष्य खाणीत गेलेलं. गावात पहिल्याच बैठकीला त्यानं तासभर स्लाइड्स दाखवल्या. समोरचे म्हातारे कॉफी पीत ऐकत राहिले. चहापानाला एक आजोबा माझ्याजवळ आले आणि मला खालपासून वर न्याहाळून म्हणाले, "तू कुठली इंडियन?"

"खरी," मी म्हणाले.

ते इतके हसले की त्यांची कॉफी सांडली. त्यांनी ते सगळ्यांना जाऊन सांगितलं. डेव्ह लांबून बघत होता. परतीच्या विमानात तो म्हणाला, "मेधा, यापुढे तूच बस त्यांच्यात. यू आर गुड विथ देम."

मी होतेच. यात माझं कर्तृत्व काही नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांत कसं बसायचं हे शिकवावं लागत नाही. ते बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, वाढलेलं टाकायचं नाही, निघताना घाई दाखवायची नाही. आमच्या अमेरिकन इंजिनीअरांना एवढंही जमत नसे. दर दोन मिनिटांनी घड्याळ. गावातली पोरं मला ‘वॉटर लेडी’ म्हणू लागली.

गावात बर्नाडेट नावाच्या बाई होत्या, साठीच्या पुढच्या. कुठल्या पदावर नव्हत्या, पण त्या काय म्हणतात त्याची गाव वाट बघायचं. आम्ही उपसणार होतो त्या तळ्यावर त्यांच्या घराण्याचा उन्हाळी मासेमारीचा तळ होता. त्यांना इंग्रजी कळायचं, पण महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या आपल्या भाषेत बोलायच्या आणि त्यांची मुलगी लूसी, जी शाळेत शिक्षिका होती, ती इंग्रजीत सांगायची. मी त्यांना मनात मावशीच म्हणत असे.

एकदा धुक्यामुळे विमान आलं नाही आणि मी त्यांच्या घरी अडकले. त्यांनी सुकवलेला मासा पुढ्यात ठेवला. मी कोमट्यांच्या घरातली, तिथे अंडंही शिजत नसे. बाहेर कधीमधी चिकन खायला लागले होते, पण मासा कधी नाही. लूसी म्हणाली, "नको असेल तर सांग, ती रागावणार नाही." मी खाल्ला. धुराचा वास होता, मिठाचा कण नव्हता. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग लूसीला काहीतरी म्हणाल्या.

"ती म्हणते, तुला अजिबात आवडलेलं नाही, आणि तू छान खोटं बोलतेस."

आम्ही तिघी हसलो. मी अजून एक तुकडा घेतला.

मग संमतीची शेवटची बैठक आली. गावच्या शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या कोर्टावर गोल खुर्च्या मांडलेल्या. नोकऱ्या किती, हरणांच्या वाटांचं काय, सगळं बोलून झालं होतं. गावाचं मत अधांतरी होतं. तरुणांना नोकऱ्या हव्या होत्या, म्हातारे गप्प होते. तेव्हा बर्नाडेटमावशी उठल्या आणि डेव्हला वगळून थेट माझ्याकडे बघून बोलल्या. लूसीनं सांगितलं, "ती विचारते, कंपनी निघून गेल्यावर तळं परत येईल का? माझी नातवंडं तिथे जाळं टाकतील का?"

आता मला काय माहीत होतं ते सांगते. त्या भागात गोठलेल्या जमिनीच्या खाली, फार खोल, खारं पाणी आहे. समुद्राहून खारं. खाण खोल गेली की ते झिरपून येणारच. शेवटी खड्डा गोड्या पाण्यानं भरला तर हे जड खारं पाणी तळाशी बसून राहावं आणि वर गोडं तळं व्हावं, ही अपेक्षा. माझ्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये काही गोष्टी आपल्या मनासारख्या धरल्या तर तसं व्हायचं. बहुतेक वेळा होत नव्हतं. खारं पाणी हळूहळू वर मिसळायचं, आणि मासा जगेल असं पाणी कित्येक पिढ्या होत नव्हतं. अहवालात हे सगळं लिहिलेलं होतं, ‘अनिश्चितता’ या शब्दाखाली, सभ्य भाषेत. कंपनीनं काही लपवलं नव्हतं, आणि डेव्हनं मला खोटं बोल असं कधीच सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात त्याच्यावर ढकलत होते.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "हो. येईल. काळजी करू नका."

असं का म्हणाले, याचा मी फार विचार केलाय. माझ्या बाबांना नागपुरात कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या भावाच्या हातात दिला, बाबांच्या नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि बाबांना सांगितलं की अल्सर आहे. "होईल बरं, बाबा, काळजी करू नका." बाबा शेवटपर्यंत पथ्याचं ताक पीत राहिले. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही, उलट एक मामा जरा जास्त बोलून गेले तर त्यांनाच सगळ्यांनी झापलं. वडीलधारं माणूस विचारतं तेव्हा त्याला धीर हवा असतो, असंच आम्हाला वाढवलेलं. त्या जिममध्ये एका म्हाताऱ्या बाईनं मला प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून तेच निघालं.

पण तिला धीर नको होता. तिला निर्णय घ्यायचा होता, गावाचा. ती मला पाण्याबद्दल विचारत होती, कारण पाण्याचं मला कळत होतं.

बर्नाडेटमावशी लोकांकडे वळून बोलल्या. लूसीनं तेही इंग्रजीत सांगितलं, बहुधा आमच्यासाठी. "ही बाई माझ्या घरी जेवलीय. ती म्हणते तळं परत येईल."

नंतरचं सगळं सोपं झालं. संमती मिळाली.

विमानात डेव्हनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "यू वेअर ग्रेट इन देअर." मग म्हणाला, "इतकं नक्की सांगायला नको होतं पण." दुरुस्त करायला हवं होतं तर तेव्हाच. एक ईमेल, एक फोन. मी स्वतःला सांगितलं की काही परिस्थितींत ते खरंही होऊ शकतं. मॉडेल चुकू शकतं, आणि पुढे नवीन तंत्र निघेल. शिकलेल्या माणसाकडे स्वतःला पटवायची साधनं भरपूर असतात.

पुढच्या उन्हाळ्यात तळं उपसायच्या आधी मासे काढायचं काम झालं. तिकडे त्याला फिश-आउट म्हणतात. नियमच आहे, पाणी काढण्याआधी जाळी टाकून मासे बाहेर काढायचे, जमतील ते शेजारच्या तळ्यात सोडायचे, बाकीचे गावांना वाटायचे. गावातून माणसं आली होती. बर्नाडेटमावशीही आल्या, रबरी बूट घालून. पहिले दोन दिवस हास्यविनोद चालले होते. एवढे मासे एका वेळी कुणी पाहिले नव्हते. नंतर बोलणं कमी झालं. जाळं येतच होतं, मासे येतच होते, हाताएवढे लांब ट्राउट, काही माझ्यापेक्षा वयानं मोठे असतील असं आमचा मत्स्यतज्ज्ञ म्हणाला. सुरी चालवताना कुणी वर बघत नव्हतं.

मावशींनी मला शेजारी बसवून मासा साफ करायला शिकवलं. मी शाकाहारी घरातली, सुरी उलटीच धरली. त्या हसल्या आणि माझा अंगठा धरून सुरीची धार कुठून फिरवायची ते दाखवलं. त्या वेळी आम्ही दोघीच होतो. त्यांना इंग्रजी कळत होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, "असं बरोबर आहे का?" आणि पुढचा मासा घेतला.

मग पंप लागले. पाणी खाली गेलं तसा तळ दिसू लागला, काळा चिखल, आणि त्या चिखलात जाळ्यांना बांधायचे जुने दगड, कुणाकुणाच्या आज्या-पणज्यांचे. मी त्याचे फोटो काढले. कंपनीच्या वार्षिक अहवालात ते छापून आले.

मला बढती मिळाली. इतर प्रकल्पांवरही गावकऱ्यांच्या बैठकांना मला नेऊ लागले. तिथे मी खबरदार राहून बोलत असे, ‘शक्यता’, ‘अंदाज’, ‘अभ्यास चालू आहे’. आपला दर्जा वाढला असं वाटायचं. मूळ खाण मी दुसऱ्याच्या हवाली केली आणि त्या गावी पुन्हा गेले नाही. दरवर्षी ख्रिसमसला लूसीची ईमेल यायची. मी उत्तरात बर्फाचे फोटो पाठवायचे.

हे असंच दबून राहिलं असतं. पण आमच्या सईचं लग्न ठरलं. सई इथेच जन्मली, नर्सिंग करते. अंगठी बघायला ती मला मॉलमध्ये घेऊन गेली. दुकानातल्या मुलीनं एक हिरा मखमलीवर ठेवला आणि सांगू लागली की हा उत्तरेकडचा, स्वच्छ हिरा. तिथे युद्ध नाही, बालमजुरी नाही, आणि तिथल्या मूळ लोकांच्या पूर्ण संमतीनं काढलेला.

खाणीचं नाव तिनं सांगितलं. आमचीच.

"ओ माय गॉड," सई म्हणाली, "माय मॉम वर्क्ड ऑन दॅट! आई, सांग ना तिला!"

दुकानातली मुलगी खरोखर हरखली. "यू मस्ट बी सो प्राउड."

आमच्या खाणीतला मी पाहिलेला पहिला हिरा समोर होता, आणि मला तिकडे बघवेना. मी म्हणाले, "सई, दुसरं बघूया का?"

गाडीत ती चिडली होती. "व्हॉट वॉज दॅट? तू इतकी विअर्ड का झालीस?"

मी तिला सांगितलं. पार्किंगमध्येच, गाडी सुरू न करता. बाबांपासून सगळं सांगितलं. आजोबांना अल्सर सांगितला होता हेही तिला माहीत नव्हतं. ती सीटबेल्ट काढून माझ्याकडे वळली.

"सो यू लाइड."

"खोटं असं नाही गं, मॉडेलमध्ये थोडी शक्यता..."

"आई. इट्स अ यस ऑर नो क्वेश्चन."

"हो."

"आणि ती बाई? शी स्टिल थिंक्स इट्स कमिंग बॅक?"

तेव्हा मला कळलं की इतक्या वर्षांत मी हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मला लाज वाटत होती ती माझ्यापुरती. मावशी काय धरून बसल्या असतील, नातवंडांना काय सांगत असतील, याचा मी विचार केला नव्हता.

योगायोग म्हणा, खाण बंद व्हायच्या बेताला आली होती. हिऱ्यांचे भाव पडले, कारखान्यात हिरे बनू लागले. बंद कशी करायची, यासाठी गावात बैठक होती. मी ऑफिसात सांगितलं, मला यायचंय. नवा मॅनेजर खूश झाला. "प्रेझेंटेशन आमचा माणूस देईल. तू फक्त ओळखीचा चेहरा म्हणून बस. ते तुला मानतात."

सुधीरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आता सांगून काय होणार? खाण तर खणून झाली." मग म्हणाला, "नोकरी जाईल, माहितेय ना?" मी म्हणाले माहितेय. त्यानं मला विमानतळावर सोडलं. वाटेत हिरकणी वगैरे काही म्हणाला नाही.

तेच जिम, त्याच गोल खुर्च्या. ओळखीच्या कितीतरी खुर्च्यांवर आता दुसरी माणसं बसलेली. बर्नाडेटमावशी व्हीलचेअरवर होत्या, त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांनी मला ओळखलं, माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. जिमच्या मागच्या बाजूला त्यांची नातवंडं उभी होती, तरणीताठी, दोघं खाणीतच नोकरी केलेली.

आमच्या तरुण इंजिनीअरनं स्लाइड दाखवली, ‘संभाव्य परिणामांची व्याप्ती’. लोक कॉफी पीत ऐकत राहिले. मग मावशी काहीतरी म्हणाल्या आणि लूसी हसून म्हणाली, "ती म्हणते हे सगळं राहू द्या. पाणीवाली बाई आलीय, ती सांगेल."

मी उठले.

"तळं परत येणार नाही," मी म्हणाले. "पाणी भरेल, पण ते खारं होईल. तुमच्या नातवंडांना तिथे मासा मिळणार नाही, त्यांच्या मुलांनाही बहुतेक नाही. मला हे तेव्हाच माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं."

मॅनेजरनं खुर्ची सरकवली. लूसी माझ्याकडे बघत होती.

"हे मी तिला सांगू?" तिनं हळू विचारलं.

"हो. सगळं."

लूसी आईजवळ वाकून बसली आणि तिच्या कानाशी बोलली. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार थोड्या शब्दांत झालं. बर्नाडेटमावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी क्षमा मागणार होते, वाक्य तयार करून आणलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते मला उच्चारता येईना.

मग त्या बोलल्या. लूसी उभी राहिली.

"ती म्हणते, मागच्यांना ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांग."

लूसीनं माइक माझ्या हातात दिला, आणि ती आईच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली. मागची नातवंडं पुढे सरकली होती. मी माइक तोंडाजवळ धरला आणि पहिल्यापासून परत सांगितलं.